एक बोट कमी

तायफूनला आणखी तीन दुकानं काढायची आहेत,
म्हणून त्यानं मला वही आणि डिजिटल काटा देऊन
पहाटे चारला हाजेर-हानिमच्या शेजारी उभं केलंय.
तिच्या हाताचे ग्रॅम करून आणायचे.
गुडघे गेलेत तिचे. चैत्रापर्यंत थांबेल, फार तर.

ती म्हणते, पाण्याचा ग्लास.
मी ग्लास ठेवते, शून्य करते, काठोकाठ भरते.
पाणी दोनशे चाळीस.
त्यातच तेल दोनशे एकवीस, साखर दोनशे चार,
आणि मैदा चाळून घातला तर एकशे वीस,
तिनं ओट्यावर दोनदा आपटला की एकशे छप्पन्न.
"मग खरं कोणतं?"
"आपटलेलं. पण रागानं नाही."
मी लिहिते: १५६. राग नाही.

चहाचा ग्लास कमरेत बारीक,
त्यामुळे अर्धा ग्लास म्हणजे अर्धा नसतोच,
हे कळायला मला एक सकाळ गेली.

पोआचाच्या पिठाला मैदा किती?
"घेईल तेवढा."
किती घेतं?
"त्याला विचार."
शेवटी पिठाळ बोटांनी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरते:
"इतकं मऊ झालं की थांबायचं."
वहीत या रकान्यापुढे अजून काही नाही.
कान दिवसभर पांढरा.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावरचा पोऱ्या दारातून ओरडला,
लोदोस सुटलाय, समुद्र उसळलाय,
आज एक बोट कमी!
म्हणजे यालोवाला उतरणारी शंभर तोंडं कमी,
म्हणजे दोन ट्रे कमी. तेवढा हिशेब मला येतो.

मी रव्याचा ग्लास काठोकाठ भरत होते.
हाजेर-हानिम न बघताच म्हणाली, "एक बोट कमी."
"हो, ऐकलं."
"ग्लासात, गं."

ग्लासात तर्जनी आडवी धरून दाखवली तिनं,
काठापासून खाली, एक बोट.
नेहमी असंच?
नेहमी असंच.
मग तीन दिवस सांगितलं का नाही?
तिला वाटलं होतं, मला दिसतंय.

हा ग्लास तंबूत मिळालेला, भूकंपानंतर,
बाजूला कुठल्याशा बँकेचं पुसट नाव.
जुना याच्याहून लहान होता.
सगळ्या कृती जुन्याच्या मापाच्या,
म्हणून चोवीस वर्षं रोज
ती नव्या ग्लासात एवढी जागा मोकळी ठेवते.
"सहा होते," ती रवा सपाट करत म्हणाली,
"आम्ही चौघं."
पुढे मी विचारलं नाही.
ओव्हन तापला होता, तिनं हात पुसले.

सगळे आकडे खोडले. पुन्हा भरले, बोट धरून.
पाणी दोनशे. तेल एकशे चौऱ्याऐंशी.
साखर एकशे सत्तर. मैदा, आपटून, एकशे तीस.
तायफून खूश होईल, गोल आकडे आहेत.
नव्या दुकानांतल्या पोरी वाडग्यात ओततील,
काटा दोनशेवर आला की थांबतील,
वर मोकळं काही राहणार नाही.

निघताना रिकामा ग्लास काट्यावरच होता.
तीनशे बारा.
शून्याच्या बटणावर बोट गेलं माझं,
तेवढ्यात बाहेर कुणीतरी काच ठोठावली,
दुसऱ्या बोटीची माणसं,
गरम आहे का काही, विचारत.