दुमडीतली फुलं

गणवेशाच्या कारखान्यातली कापडं किलोनं मिळतात
अक्कलकोट रोडला, मागच्या दारानं, तीननंतर.
दीड किलोत एकच सलग तुकडा निघाला, निळा.
बाकी सगळ्या कॉलरी, अर्ध्या बाह्या,
शर्टाविना राहिलेले खिसे.
त्या निळ्याचा फ्रॉक शिवला भार्गवीला.
घालून आरशापुढं गेली, फिरली एकदा,
आणि म्हणाली, अम्मा, हा तर शाळेचाच आहे.
सुट्टीत पण शाळाच घालू का मी?

खरंच होतं तिचं.
हाच निळा इथून ट्रकात बसून जातो
मला नावं माहीत नसलेल्या गावांना,
तिथल्या पोरी त्याला इस्त्री करतात.
आपण गणवेश नाही
हे एका फ्रॉकनं कसं सांगायचं?

पलीकडची राजमणी म्हणाली, भेंडी घे.
कवळी नको, दाबली की पाणी सोडते.
जरा जून बघ, भाजीला नको वाटेल अशी.
आडवी काप, पदरानं पूस,
रंग बशीत पातळ पसर.
टेकव, दोन मोज, सरळ उचल.
घसरली तर गेलं.

पाच पाकळ्या उमटतात,
आत बियांच्या जागा रिकाम्या.
रंग दोनच होते, पिवळा आणि पांढरा,
तिच्या पोरानं मंडळाच्या पडद्यासाठी आणलेले.
भार्गवी मोजत बसली, ओकटी, रेंडू, मूडू,
शाळेतलं मराठी विसरून.

नवव्या फुलाला वीज आली.
गल्लीतले सगळे माग एकदम बोलायला लागले,
पंखा फिरला, कापड उडालं,
आणि बरोबर छातीवर
पिवळा फराटा, वीतभर.
मी पंख्याला शिव्या दिल्या.
पोरगी रडली नाही. नुसती बघत राहिली,
ते जास्त लागलं.

रात्री पत्ती कापून झाल्यावर
तीच कात्री धुतली, पुसली.
अंबादासनं आणलेला एक टॉवेल होता,
काठ तिरका गेला म्हणून नापास झालेला.
त्यातून ससा कापला.
पत्ती कापायला पत्र्याचा साचा असतो,
सश्याला कुठला साचा?
कान एक मोठा झाला, राहू दिला.
फराट्यावर बसवला आणि काजाचा टाका घालत गेले
कडेकडेनं, सुटू नये म्हणून दाट.
एका अंगानं बसलेला, म्हणून डोळा एकच.
बटणही एकच होतं.

अंबादास रात्रपाळीहून आला, सहा वाजता.
सुई त्याला धरता येत नाही,
पण तुटलेला धागा तो बघता बघता जोडतो.
मागच्या नाडीच्या टोकांना
टॉवेलच्या दशा बांधतात तशा
गाठी मारून दिल्या त्यानं, चहा निवेपर्यंत.
मग भिंतीकडं तोंड करून झोपला.

कुंदेलू, म्हणाली भार्गवी, उठल्या उठल्या.
नाक लावलं त्याच्या पोटाला.
ह्याला तंबाखूचा वास येतो.
धुतला की जाईल, म्हणाले.
चौदा वर्षं मी बोटं धुतेय.
तरी म्हणाले, जाईल.

फ्रॉक घालून ती बोळात गेली ती आलीच नाही.
कुणी तरी विचारलं, कुठनं घेतला?
तिनं काय सांगितलं ते मागांच्या आवाजात
मला ऐकू आलं नाही.

एक सांगायचं राहिलं.
छापायच्या आधी घेराची टीप मी उसवली होती.
आत चार बोटं दुमड आहे,
वाढत्या अंगाची पोर म्हणून ठेवलेली.
तिथंही एक रांग छापली, सगळ्यात पहिली,
हात थरथरत नव्हता तेव्हा.
राजमणी हसली, आत कुणाला दिसणार गं?
मी परत टीप मारून टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात फ्रॉक गुडघ्याच्या वर जाईल.
बाहेरची फुलं तोवर
दगडावर आपटून आपटून पुसट झालेली,
सश्याचा डोळा हरवलेला असेल बहुतेक.
तेव्हा उसवीन,
आणि ती खाली वाकून बघेल.