दुभाषी

मुहर्रकच्या आमच्या गल्लीत भर दुपारी
एसींचं पाणी ठिबकतं, त्याखाली मांजरं झोपतात,
आणि जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली,
आठवडाभर दोन अर्ज फडफडतायत.

एक सिस्टर लोकांच्या शाळेचा. जाड कागद.
बाप्तिस्म्याचा दाखला जोडा, फादरांचं पत्र जोडा,
फी तीन हप्त्यांत, बस वेगळी.
दुसरा सरकारी. पातळ, उजवीकडून सुरू होणारा.
त्यात माझ्या सहीची जागा तेवढी मला कळली,
तीही ॲल्विनाने बोट ठेवलं म्हणून.

रात्रपाळीहून आलेली इव्हलिन बूट काढत म्हणते,
"कंपनीने उद्या नको म्हटलं
की महिनाभरात खोकी बांधायची आपण.
अरबीतला दाखला घेऊन पोरीला कुठे उभी करू?
विरारच्या कॉलेजातला कारकून तो उलटा धरेल."
तिचं खरं आहे.
तिचं बहुतेक वेळा खरंच असतं, ते जड जातं.

मी गोदीत क्रेन चालवतो. वरून सगळं लहान दिसतं,
फीचा आकडा सोडून.

आमच्या घरीही एकदा असेच दोन कागद आले होते.
बाप म्हणाला, केळीच्या पैशात एकच पोर कॉन्व्हेंटात जाईल.
बेनेडिक्ट गेला.
मी आळीच्या तोंडाशी, जिल्हा परिषदेच्या शाळेत,
जिथे गुरुजी पाढे म्हणवून घेताना
कडुनिंबाच्या काडीने दात कोरायचे.
मला ती शाळा आवडायची.
हे मी कोणाला सांगितलं नाही.
हरलेल्याने आवडलं म्हणू नये.

सिस्टर भली बाई. तिने विचारलं,
"घरी रोज जपमाळ होते?"
इव्हलिन हो म्हणाली. मी पंख्याकडे पाहिलं.
ॲल्विना प्रत्येक प्रश्नाला "यस सिस्टर",
हात गुडघ्यांवर, जणू पासपोर्टचा फोटो काढतायत.

सरकारी शाळेतल्या मोठ्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं,
किंवा त्या दिवशी बोलायचं नव्हतं.
मग माझी पोरगीच दुभाषी.
मी म्हटलं, धर्माच्या तासाला काय?
ती वळली. हात हलले, भुवया उडाल्या,
घशाच्या तळातून असे आवाज आले
जे आमच्या कुळात कोणी काढले नसतील,
आणि बाई हसल्या. टेबलावर थाप मारून.
"त्या तासाला लायब्ररीत बसायचं,"
माझ्या वाट्याला एवढंच आलं.
माझा प्रश्न चार शब्दांचा होता.

माझी तेरा वर्षांची पोर विनोदी आहे
हे मला कळलं.
विनोद कळला नाही.

गुरुवारी शेवटची तारीख.
कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये दाखल्याची झेरॉक्स काढली,
आमच्या देवळाचा शिक्का तिच्यात जांभळ्याचा काळा झाला.
पहिला हप्ता भरला.
ॲल्विना म्हणाली, "ओके पप्पा."
रडली वगैरे नाही. "यस सिस्टर"सारखंच ते.
सरकारी अर्जावर इव्हलिनने कोळंबी सोलली,
सालांसकट तो गुंडाळून टाकला,
मग हात धुताना बराच वेळ नळ चालू ठेवला.

संध्याकाळी मी खाली उतरलो
तर पोर उम्म जासिमच्या पायरीवर,
दोघींच्या मध्ये खजुराची थाळी.
ॲल्विना काहीतरी सांगत होती, सांगतच होती,
मध्येच थांबून बी थुंकून पुन्हा.
म्हातारीने माझ्याकडे पाहिलं.
हसली नाही, रागावलीही नाही,
एक खजूर निवडून माझ्या हातावर ठेवला.

जिना चढताना विचारलं, काय सांगत होतीस?
"काही नाही. शाळा ठरली म्हटलं."
एवढंच? केवढं लांब होतं ते.

दोन पायऱ्या ती गप्प.
मग म्हणाली, "अरबीत लांब होतं, पप्पा."