सात पावलं कोरडी

पेरून तिसरा दिवस. फरसबी अजून मातीखाली,
दाणा फुगून नुकता उलायला आलेला.
मारायचं ते आजच. परवा कोंबच भाजतील.

किरिन्यागाच्या उतारावर पहाटे वारं निजलेलं असतं,
तेवढाच आमचा वेळ.
वीस लिटरचा पंप पाठीवर, डाव्या हाताला दांडा,
उजव्या हातात नळी, आणि एकच चाल:
घाई नाही, रेंगाळणं नाही.
जास्त पडलं तर पीक आखडतं,
कमी पडलं तर पैसे मातीत.
(लव्हाळ्याचं सोडा. तो कशालाच भीत नाही.)

मिचेरे बांधावर, फाईल छातीशी धरून.
तिच्यात सगळं असतं: औषध, माप, तारीख,
तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते,
कारण विमानाने गेलेली शेंग
तिकडच्या प्रयोगशाळेत बोलते म्हणे.

"गिचोबी, पाटाकडचा तुकडा सोड."
"काय आहे तिथे?"
"मनागू."

मला हसू आलं.
वांग्यासारखं पान, काळ्या मण्यांसारखी फळं;
फायलीतल्या तणांच्या यादीत पहिलंच नाव त्याचं,
लॅटिनमध्ये.
एक फळ शेंगांत चिरडलं की अख्खी पेटी परत.
आणि घरी हेच पान
दुधात मुरवून, उगालीच्या गोळ्याशेजारी.
तिची सून बाळंत झाली तेव्हा महिनाभर
दुसरं काही शिजलं नव्हतं.

तण खाई धन, म्हणतात.
इथे तण माणसं खातात,
आणि शेंगा, कोणी न चाखलेल्या,
जाडी मोजून, टोकं खुडून,
रात्रीच्या विमानात बसतात.

मी नोझल बंद केलं. सात पावलं कोरडा चाललो.
पुन्हा उघडलं.
तेवढ्यात पाठीमागून जरासं वारं सुटलं,
ते फायलीत कुठे लिहायचं
दोघांनाही माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी गेलो.
सरी नुकत्या दाढी केलेल्या गालासारख्या.
पाटाकडे मनागू होता, गुडघाभर,
पण अलीकडच्या रोपांची पानं पांढरी,
चुना लागल्यासारखी.

मिचेरे वाकली. पलीकडची कोवळी पानं खुडून
लेसोच्या टोकात घेतली,
पांढऱ्यांवरून हात तसाच पुढे नेला.
मग एक पान उन्हाकडे धरून
बराच वेळ बघत राहिली,
हिरवं की फिकट, ठरेना.

"याला किती दिवस?" तिने विचारलं.

मी पंपाचा पट्टा आवळत राहिलो,
पंप रिकामा होता तरी.