डबीतलं मेण

हलवली की आत खडखडते डबी.
मेण आटलंय, कडांपासून सुटलंय, भेगाळलंय.
मधोमध मात्र अजून
आर्विडच्या दोन बोटांचा खळगा.

आचेवर थेट नाही ठेवायचं, एवढं सिग्नेला ठाऊक.
उकळतं पाणी अंड्यांच्या पातेल्यात,
पातेलं गॅरेजच्या फरशीवर, त्यात डबी.
टर्पेंटाइन झाकणभर.
मग अजून अर्धं.
आईस्क्रीमच्या काडीनं ढवळते.
खळगा आधी विरतो.
ती बघते, हात थांबवत नाही.

सकाळी थिजलेलं. लोणी नव्हे,
पण बोट रुततंय.

ब्युइकच्या बॉनेटवर पातळ, अगदी पातळ.
जाड लावलंस तर पुसताना रडशील, म्हणायचा,
आणि स्वतः जाडच थापायचा.
धुरकटू दिलं. पुसलं.
छताचा बल्ब लख्ख खाली उतरला,
शेजारी तिची हनुवटी.

शनिवारी पुलापलीकडून गिऱ्हाईक आलं.
चेक दिला, किल्ल्या घेतल्या,
डबीकडे बोट केलं, हीपण?
नाही, म्हणाली.

डलुथचा उतार गाडीनं गिळला की गाडीनं उतार,
तिनं पाहिलं नाही.
तळाशी उरलेलं
बर्फाच्या फावड्याला फासत होती,
पात्याला, दोन्ही अंगांनी.
सरोवरावरचा वारा फिरलाय.
यंदा बर्फ चिकटायचा नाही.