वीतभर जागा

मामा रोज पहाटे बाग झाडायचे.
पेरूची सत्तर झाडं, आणि खाली एक पान नाही;
खराट्याच्या रेघा तेवढ्या, अर्धगोल, एकात एक.
बाबगोंडा पाटलांची बाग म्हणजे तळहात,
असं सदलग्यात म्हणायचे.
पाहुणा आला की आधी त्या रेघा दाखवायच्या,
मग पेरू.

मार्च सरता सरता
त्याच रेघांवर मीठ उमलायचं.
पांढरं, बारीक. जिभेला लावलं तर कडवट.
दुधगंगेचं पाणी पिऊन पिऊन
जमीन आतून जड झाली होती
आणि उन्हात उघडी पडली की
पोटातलं वर काढत होती.

मी पहिल्यांदा खराटा लपवला
तेव्हा दोन दिवस ते बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी, दाराकडं तोंड करून:
"बाग हाय का उकिरडा?"

मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून
जन्मभर खाली बघत चालले मामा.
दिवस मावळायच्या आत ताट धुऊन पालथं.
पण ऊस तुटून गेला की
फडाला काडी लावताना
वर बघायचे, पार वर,
घारी घिरट्या घालायच्या तिकडं.
खाली काय पळतंय ते घारींना माहीत असायचं.

हे मी कधी बोलून दाखवलं नाही.
फक्त त्या साली काडीपेटी कुणाला सापडली नाही,
आणि शेजारच्या सिद्रामच्या फडातलं पाचटसुद्धा
मी मागून आणलं. अकरा गाड्या.
पैसे विचारले तर तो कन्नडात हसला.

ओळींमधून ताग टाकला,
फुलावर आला तसा आडवा केला.
पिंपात शेण, गोमूत्र, काळा गूळ, बेसन
आणि बांधावरची ओंजळभर माती,
जिला कधी कुणी झाडलं नव्हतं.
सकाळ-संध्याकाळ ढवळायचं.
वास माडीपर्यंत गेला;
जाऊबाईंनी खिडकी लावून घेतली.

चुकलेही.
पाचट बुंध्याला अगदी लागून रचलं,
बाळंतिणीला गुंडाळावं तसं.
श्रावणात तीन झाडांची साल
नुसत्या बोटानं सुटून आली, ओली, आंबूस.
मामा तिन्ही झाडांपाशी थांबून पुढं गेले.
बोलले असते तर बरं झालं असतं.

निंगव्वानं खुरपं बाजूला ठेवलं,
उकिडवी बसली,
चौथ्या झाडाचं पाचट दोन्ही हातांनी मागं सारलं
आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी केली.
"उसिराड्ली बिडु," म्हणाली.
उताऱ्यावरचं कन्नड मला अजून वाचता येत नाही.
हे कळलं.
सदुसष्ट झाडांना श्वास घेऊ देता देता
संध्याकाळ झाली, गुडघे माझे राहिले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात,
दुपारची, अशी की कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसलेला,
मामा अनवाणी बागेत शिरले.
पाचटावर पाय ठेवला.
दुसरा ठेवला.
तिथंच उभे राहिले बराच वेळ,
देवळाच्या गार फरशीवर थांबावं तसे.
मग वाकून पाचट थोडं उचललं:
खाली काळी, रवाळ, ओलसर माती,
चहाच्या चोथ्यासारखी,
आणि उजेडानं दचकून आत वळणारं एक गांडूळ.
मीठ कुठंच नाही.
त्यांनी पाचट परत घातलं,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं
इतक्या हळू.
मग वर बघितलं.
आभाळात काही नव्हतं.

मी विहिरीआड होते. खोकले नाही.

खराटा आता बस्तीच्या आवारात चालतो त्यांचा.
पिंपळाची पानं पोत्यात भरून
रोज एक पोतं खांद्यावरून आणतात,
कुठल्यातरी झाडाखाली ओततात
आणि जणू काही ओतलंच नाही
असे जेवायला येतात.

काल जाऊन पाहिलं.
पानं बुंध्यापासून वीतभर लांब होती.
आणि त्या वीतभर जागेत,
बुंध्याभोवती,
खराट्याची एक गोल रेघ.