विषयाची जागा रिकामी

डिसेंबरात थिंगेयरीला दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
थोरग्रिमुर दिवा लावतो, मग संगणक,
मग केबलच्या टोकाला फोन अडकवतो,
धक्क्याला दोर टाकून नाव बांधावी तसा.

उजव्या हाताची दोन बोटं विंचमध्ये गेली, अठ्ठ्याऐंशी साली.
उरलेल्या तिघांना फोनची बारीक बटणं जुमानत नाहीत.
म्हणून भाचीच्या पोरानं, कोल्बेइननं,
ईमेलच्या प्रोग्रामला एक खिडकी पाडून दिली:
आता फोनवरचे मेसेज थेट इथे येऊन पडतात
पत्रांच्या शेजारी, पत्रांचेच कपडे घालून.

प्रेषक. दिनांक. विषय.
विषयाची जागा रिकामी.

त्याला ते खटकलं.
"बंदरात पोचले" एवढ्या दोन शब्दांना
केवढी ही पांढरीशुभ्र खोली,
आणि दारावर पाटी नाही.

तरी त्यानं कप्पे केले. दवाखाना. जाळी. वीजबिल.
आणि आउस्दिस.
लेक. मालवाहू जहाजावर इंजिनिअर,
किनारा जवळ आला की तिला रेंज येते.
तिच्या कप्प्यात आठशे चौदा.
हो. नाही. उद्या. हवा वाईट. हो.

एका संध्याकाळी त्यानं गंमत म्हणून
सगळे लांबीनुसार लावले, मोठ्यातला मोठा वर,
आणि वर आला तो अकरा वर्षांपूर्वीचा:
पाब्बी, तू स्वानुर विकलीस
हे मला पेट्रोलपंपावरच्या माणसाकडून कळलं.
माझं नाव होतं ना तिच्या कागदावर?
पुढे आणखी बरंच काही. शेवटी पूर्णविरामही नव्हता.

खाली त्याचं उत्तर: बरं.

(आपल्याकडे बोट म्हणजे बोट, आणि बोट म्हणजे बोटसुद्धा.
त्याच्या भाषेत दोन निराळे शब्द आहेत.
गमावताना तेवढा आधार असेल का त्याला,
कोण जाणे.)

आता समोर भलामोठा कीबोर्ड होता, तीन बोटांना पुरून उरेल असा.
त्यानं लिहायला घेतलं.
कॉफी निवली, पुन्हा केली, तीही निवली.
पाठवायला गेला, तर संगणक म्हणाला:
नऊ संदेश होतील. पाठवायचे?

त्यांच्या लिपीतली एकदोन म्हातारी अक्षरं
फोनच्या हिशेबात बसत नाहीत;
त्यातलं एकही आलं की जागा निम्म्याहून कमी होते.
त्यातलंच एक त्याच्या नावाच्या पहिल्या जागेवर उभं.
सही केली म्हणून पत्र महाग पडलं.

पाठव, म्हणाला.

दोन दिवस काही नाही. वादळ होतं.
मग फेरो बेटांजवळून एकामागून एक:
आधी सातवा आला.
मग दुसरा. यात आईबद्दल काय म्हणतोयस?
तू पिऊन लिहिलंस का?
थांब. पहिला आला.
थांब.

मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर बर्फ सारणारी गाडी येऊन गेली.

सहावा आला नाही. परत पाठव.

त्यानं पाठवलेल्यांचा कप्पा उघडला. सहावा:
चूक माझीच होती, पण डिझेलचा भाव तेव्हा
इथे फोननं वाक्य तोडलं होतं.
भाव सातव्यात पोचला होता, आकड्यांसकट,
बँकेच्या साहेबाच्या नावासकट.

थोरग्रिमुरनं चष्मा पुसला.
कर्सर मागे नेला, एकेक अक्षर,
तेव्हा, भाव, डिझेल,
'पण'पाशी जरा अडखळला.
मग तेही गेलं. स्वल्पविरामही.

उरलं ते इतकं आखूड
की फोनला कुठे तोडायची गरज नव्हती.
सवयीनं त्यानं विषयाच्या जागी काहीतरी लिहिलं.
मेसेज जाताना विषय गळून पडतो,
कोल्बेइननं सांगितलं होतं त्याला. दोनदा.