एकतिसावी नोंद

स्वीट होम नावाचं गाव आहे ऑरेगनमध्ये.
नाव खरं आहे, मी ठेवलेलं नाही.
कॉर्व्हॅलिसहून तासाभराचा रस्ता, नदी लागते,
मग बंद आरागिरणी, मग उघडं डोनटचं दुकान,
आणि दुकानामागच्या घरात ऑर्विल टॅकेट.
वय एक्याऐंशी. व्यवसाय : ओंडके मोजणारा, निवृत्त.
माझ्या प्रश्नावलीत नोंद क्रमांक एकतीस.

मराठीत व्हेरिएबलला चल म्हणतात.
चल. म्हणजे ऊठ, निघ.
भाव चल, व्याजदर चल, निर्यात चल,
गिरणीही एका हिवाळ्यात चल म्हणाली
आणि दक्षिणेला गेली, जिथे पाइन लवकर वाढतो
आणि माणूस स्वस्त पडतो.
ऑर्विलनं खुर्ची खिडकीला लावून घेतली.

"घुबडानं खाल्लं आम्हाला," तो म्हणतो.
आमच्याकडे घुबड आढ्यावर बसलं तर घर बसतं;
इथे ते कायद्याच्या कागदावर येऊन बसलं.
माझं चौथं कोष्टक मात्र सांगतं :
घुबड एक पंचमांश. बाकी नवी यंत्रं,
आणि साल न काढता जहाजात चढलेले ओंडके.
मी हे त्याला सांगत नाही.
कॉफी चांगली झालीय म्हणते.

चाळीस वर्षांनी तोडायच्या झाडाच्या एका डॉलरची
आजची किंमत, पाच टक्क्यांनी, चौदा सेंट.
हे मात्र त्याला सांगितलं.
त्यानं उजवा हात वर केला, बोटं तीन,
आणि विचारलं, "याची किती?"
मग स्वतःच हसला, खोकला येईपर्यंत.

भिंतीवर त्याची मोजपट्टी आहे, हिकरीची,
आकडे अंगठ्यानं पुसलेले.
"पट्टीत लाकूड धरतात," तो म्हणाला,
"भुसा धरत नाहीत. भुसा कुणाचाच नसतो.
मी एकवीस वर्षं भुसा श्वासात घेतला."

आलापल्लीच्या डेपोत बाबा सागाला दोरी गुंडाळत,
घेराची चौथाई करत, चौथाईला चौथाईनं गुणत,
मग लांबीनं.
नववीत मला पाय शिकवला तेव्हा मी हिशोब करून पाहिला :
दर ओंडक्यामागे पाचवा हिस्सा कुठेच लिहिला जात नव्हता.
वही घेऊन पळत गेले.
बाबा लिलावाच्या यादीवर वाकलेले होते.
"माहीत आहे सगळ्यांना," ते म्हणाले. "तू जेवून घे."

प्रश्न बारावा : गिरणी बंद झाल्यानंतरचं उत्पन्न.
शून्य. पुढच्या वर्षी? शून्य. नंतर डोनटच्या दुकानात झाडू.
प्रश्न तेरावा : नवीन कौशल्याचं प्रशिक्षण? नाही.
चौदावा : स्थलांतराचा विचार?
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
डोंगराच्या कापलेल्या तुकड्यावर नवी फर,
सगळी एका उंचीची, शाळेच्या रांगेसारखी.
"ती पाहायचीत," म्हणाला.
या उत्तराला माझ्याकडे चौकट नव्हती.

मार्गदर्शक बाईंचा निरोप शुक्रवारी आला :
एकतीस काढून टाक, रेषा ओढली जातेय त्याच्याकडे.
बाईंचं बरोबर होतं. मी एक ओळ निवडली,
एक बटण दाबलं. काही आवाज झाला नाही.
रेषा सरळ झाली, पूर्णांक एक्काहत्तरचा अठ्ठ्याहत्तर.
तळटीप दिली : एक टोकाची नोंद वगळली आहे.

शनिवारी तरी मी गेले तिकडे, कारण सांगता येत नाही.
घरी तो नव्हता. दवाखान्यात, शेजारीण म्हणाली, काळजीचं नाही.
दारात डोनटची पिशवी ठेवून परत फिरले.

हमरस्त्यावर माझ्यापुढे ओंडक्यांचा ट्रक होता,
मागच्या टोकांना निळ्या रंगाची खूण,
ओल्या लाकडाचा वास बंद काचेतून आत येत होता.
लेबननच्या सिग्नलला तो थांबला.
अकरा, मी मोजले.
परत मोजले.
खालच्या रांगेतला एक
चाकाच्या मातीनं अर्धा झाकला होता,
बारा.